वच्छलाबाईची स्वखुशी

वच्छलाबाईचा अंगठा मी घेतला. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी इतरांवर बराच चिडलेला दिसेन, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा मास्तर नुसता बाजूला उभा राहून बघत होता.

बोरदरा हे शिरूर कासार तालुक्यातलं दीडशे-पावणेदोनशे घरांचं गाव. तिथल्या शाळेत मी नऊ वर्षं होतो. दसरा झाला की मुकादमांचे ट्रक येऊन देवळापुढं उभे राहायचे आणि दिवाळीच्या पुढे-मागे निम्मं गाव रिकामं व्हायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे सत्तर-ऐंशी कोयते पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचे. मागे राहायची म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि बांधलेली जनावरं. २०१८ साली पावसानं दगा दिला, कापूस गुडघ्याला लागायच्या आधीच वाळून गेला, आणि एरवी न जाणारी घरंसुद्धा ट्रकमध्ये चढली.

वच्छलाबाईंचा एकुलता एक मुलगा राधाकिशन आणि सून कुशावर्ता दरसाल जात. त्या दिवशी मी देवळापाशीच होतो. राधाकिशन ताडपत्री, भांडी, ज्वारीचं पोतं वर चढवत होता. कुशावर्ता अडीच वर्षांच्या चिमीला कडेवर घेऊन सासूला एकेक गोष्ट सांगत होती. आदल्या साली चिमी त्यांच्यासोबत उसाच्या फडात होती आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचली होती. म्हणून या खेपेला तिलाही मागे ठेवायचं ठरलं होतं.

"आत्याबाई, हिला संध्याकाळी भात नका दिऊ, खोकती. धनराजचं पोट दुखलं तर ओवा द्या. शिवकन्याला एकटीला कुठं धाडू नका, तिचं वय आता जपायचं हाय."

वरून राधाकिशन म्हणाला, "माय, बैलाकडं ध्यान ठिव. शाळंत मीटिंग आसली की जात जाय. रेशनला तूच जाय, आबाचा अंगठा मशीनवर उठत न्हाई."

वच्छलाबाई पदर खोचून उभ्या होत्या. चौसष्ट वर्षांची, कमरेत किंचित वाकलेली बाई. स्वतः बावीस हंगाम ऊस तोडलेला, डाव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर कोयत्यानं नेलेलं. त्या म्हणाल्या, "झालं का सांगून? मला मात्र कुणी इच्यारलं न्हाई, माय तुझ्यानं व्हईल का म्हणून."

राधाकिशन हसला. "तुला काय इच्यारायचं माय, घरचीच तर पोरं हायेत."

ट्रक निघाला. चिमीनं हंबरडा फोडला. थोरली, सातवीतली शिवकन्या ट्रककडे न बघता चिमीला घेऊन तडक घराकडं चालायला लागली. जाणाऱ्या ट्रककडे ती कुठल्याच वर्षी बघायची नाही.

आता त्या कागदाची गोष्ट. आधीची दोन वर्षं आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चाललं होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ जेवण, राहायला शाळेच्याच दोन खोल्या आणि देखरेखीला एक बाई; शाळेत न जाणारी धाकटी भावंडंही तीच बघायची. थाटमाट काही नव्हता, पण पोरं जेवत होती, झोपत होती, शाळेत बसत होती. त्या साली शाळा समितीनं ठरवलं की वसतिगृह नको. समितीचे अध्यक्ष मोहनराव. गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमनही तेच. वैशाखातल्या वादळात संस्थेच्या गोदामाचे पत्रे उडाले होते आणि सरकी पेंडीची पोती त्यांनी शाळेच्या त्याच दोन खोल्यांत आणून रचली होती. पोती हलवायची कुठं, हा प्रश्न होता. पोरांचा प्रश्न नव्हता, कारण पोरांना आजी-आजोबा होते.

वसतिगृहाची गरज नाही असं वर कळवायचं तर सोबत पालकांची हमीपत्रं जोडावी लागत होती. मुख्याध्यापकांनी छापील गठ्ठा माझ्या हातात दिला. मी घरोघर फिरलो आणि दोन दिवसांत चौतीस अंगठे घेतले. वच्छलाबाई अंगणात शेण कालवत होत्या. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "कशाचा हाय गुर्जी?"

"पोरं तुमच्याकडं राहतात, असं लिहिलंय."

"राहत्यातच की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा टेकवला. मी त्यांना एक प्रत दिली आणि पुढच्या घरी गेलो. मी खोटं बोललो नव्हतो. पण पुरतं खरंही बोललो नव्हतो, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

मार्गशीर्षात गावची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. तो चौथ्या दिवशी यायचा, आणि कधी यायचा ते कुणालाच माहीत नसायचं. हॉर्न वाजला की हंडे घेऊन पळायचं. माघात दूध संस्थेनं गावापासून पाऊण कोसावर चारा छावणी उघडली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. वच्छलाबाईंचे दोन बैल आणि एक गाय तिथं गेली. पण जनावरांसोबत मालकानं तिथंच मुक्काम करायचा असा छावणीचा नियम होता. त्यामुळे आश्रुबा, म्हणजे वच्छलाबाईंचा नवरा आणि राधाकिशनचा आबा, घोंगडं घेऊन छावणीत राहायला गेले. सत्तरीचा माणूस, एका डोळ्यानं अंधुक दिसायचं. त्यांची भाकरी दोन वेळा पाऊण कोस चालत पोचवायची ती वच्छलाबाईंनीच.

म्हणजे घरात एक म्हातारी, तीन पोरं, दोन शेळ्या, आणि टँकरचा हॉर्न.

शिवकन्या गणितात वर्गात पहिली होती. तिला आकडे दिसायचेच, मांडावे लागत नसत. फेब्रुवारीत ती आठवड्यातून दोन दिवस यायला लागली, मग एक दिवस. मी घरी गेलो. वच्छलाबाई चुलीपुढं होत्या आणि चिमी त्यांच्या पाठीला चिकटून रडत होती.

"शिवकन्या शाळेत येत नाही, वच्छलाबाई. तिचं वर्ष वाया जाईल."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलंही नाही. "गुर्जी, मी आता भाकरी घिऊन छावनीत जाते. मंग चिमीला कोन बघंल? टँकर आला तर हंडे कोन भरंल? मी दोन ठिकाणी उभी राहू का? ती पोर शाळंत गेली तर ह्या दोघांचं न्हाई व्हत, आन न्हाई गेली तर तिचं न्हाई व्हत. तुमी शिकलेले हाव, तुमीच सांगा कुणाचं मोडू."

मी हजेरीपुस्तक काखेत मारून परतलो. आज आठवलं तरी लाज वाटते.

आठ दिवसांनी जे व्हायचं तेच झालं. वच्छलाबाई छावणीत गेल्या होत्या. टँकरचा हॉर्न वाजला म्हणून शिवकन्या हंडे घेऊन धावली आणि चिमीला धनराजच्या हवाली करून गेली. धनराज आठ वर्षांचा, शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी आलेला. टँकर बघायला तोही पळाला. चिमी चुलीपाशी गेली आणि तिनं निखाऱ्यात उजवा हात घातला.

तिची किंकाळी शाळेपर्यंत आली. चिमीला पुढ्यात घेऊन मी मोटरसायकल काढली. वाटेत छावणीवरून वच्छलाबाईंना उचललं आणि आम्ही शिरूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी भाजलेलं धुऊन पट्टी बांधली. बोटं वाचली, तळहाताची कातडी गेली होती. नर्सबाईंनी सहज विचारलं, "आईबाप कारखान्याला का? मग पोरांना वसतिगृहात का नाही ठेवलं? आमच्या गावात आहे की या साली."

वच्छलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "आपल्या गावात कावून न्हाई, गुर्जी?"

"समितीनं ठरवलं," मी पुटपुटलो.

आम्ही बाहेर पायरीपाशी आलो, तोच माझ्या मोबाईलवर राधाकिशनचा फोन आला; गावातून कुणीतरी त्याला कळवलं होतं. बाईंना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी आवाज मोठा केला. फडातला गलका ऐकू येत होता. राधाकिशन ओरडला, "माय, एक लेकरू तुला संभाळता आलं न्हाई? एवढंच काम व्हतं की तुला."

दवाखान्याच्या पायरीवर पाच-सात माणसं बसलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. वच्छलाबाईंनी फोन तोंडाजवळ ओढला. मग अगदी हळू आवाजात बोलल्या.

"राधाकिशन, तुला मी पाचटावर निजवून ऊस तोडला. तुला इचू चावला तवा तुझ्या आजीनं मला हेच इच्यारलं व्हतं, लेकरू संभाळता येत न्हाई का म्हणून. तवा मी आई व्हते, चूक माझी. आता मी आजी हाय, तरीबी चूक माझी. मंग मी सुटते कवा, ते एकदा सांग."

पलीकडं राधाकिशननं फोन बायकोच्या हातात दिला. मग कुशावर्ता बोलायला लागली. ती रडत होती. "आत्याबाई, मी येते. मुकादमाला म्हणलं, तर तो म्हणतो, जोडी मोडली तर कोयता बंद. ह्यांनी आगाऊ घेतल्याली उचल कोन फेडनार म्हणतो."

"तू नको यिऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "लेकराचा हात बरा व्हईल. ऊस तोड."

आम्ही गावात परतलो तेव्हा उन्हं कलली होती. शिवकन्या दारात बसली होती. भरलेले हंडे तसेच अंगणात होते. तिनं चिमीच्या हातावरची पट्टी बघितली आणि तोंड फिरवलं. वच्छलाबाई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पेटीतले कागद आन. गुर्जीनं दिलेला कोणता हाय त्यो वाच."

मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "बसा गुर्जी. तुमीच दिलेला हाय."

शिवकन्यानं वाचलं. वर्गात वाचते तसं, स्पष्ट. "माझी नातवंडे माझ्या देखरेखीखाली सुरक्षित असून त्यांच्या भोजनाची व निवासाची सोय मी स्वखुशीने करीत आहे. सबब त्यांना हंगामी वसतिगृहाची आवश्यकता नाही. याबाबत भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही."

"स्वखुशीनं म्हंजी?"

"म्हंजी आपल्या मनानं, आजी. आनंदानं."

वच्छलाबाई चुलीकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुमी मला म्हणलाव, पोरं तुमच्याकडं राहत्यात एवढंच लिवलंय."

"हो."

"तुमाला ठावं व्हतं पुढचं?"

"ठाऊक होतं."

त्या मला शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आनंदानं म्हणं," आणि चिमीला मांडीवर घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दूध संस्थेच्या कचेरीत गेल्या. मी मागोमाग गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. मोहनराव खुर्चीवर होते. माणूस दुष्ट नव्हता. लग्नकार्यात, मयतीला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. छावणीसाठीही त्यानं धावपळ केली होती. पण स्वतःच्या सोयीला गावाची सोय म्हणायची त्याला सवय लागली होती, आणि ती सवय मोडायला कधी कुणी गेलं नव्हतं.

"मावशी, ऐकलं मी," मोहनराव म्हणाले. "लई वाईट झालं. काही लागलं तर सांगा."

"पोती काढा. पोरांच्या खोल्या मोकळ्या करा."

"आता? हंगाम संपायला दीड महिना राहिला. आन वर कळवलंय आपण, गरज न्हाई म्हणून. तुमचाच अंगठा हाय त्यावर." ते जरा पुढं झुकले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, नातवंडं संभाळणं हे काय काम हाय का? ती तर माया आसती. आमच्या आईनं आमची पाच पोरं वाढवली, कधी कुरकूर केली न्हाई."

वच्छलाबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईच्या दारात नळ हाय, मोहनराव. घरात दोन बाया कामाला हायेत, सूनबाई घरी हाय. तुमची आई पोराला गोष्ट सांगती, ती माया. मी चार हंडे पाणी, सा भाकरी, पाऊण कोस जायचं, पाऊण कोस यायचं, आन परत हिचं ढुंगण धुवायचं, हे करते. ह्याला तुमी मायाच म्हणा. पण मायेनं हंडा हलका व्हत न्हाई."

"आता काय करायचं मग?"

"ते मी बघते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दुपारी त्या सहा घरं फिरल्या. भीमनगरातल्या भामाबाईकडं चार नातवंडं होती, त्यांतलं एक मतिमंद. गावठाणातल्या तुळजाबाईला दमा होता आणि तिच्याकडं दोन नातू. अशी म्हातारी माणसं. भामाबाई पहिल्यांदा म्हणाली, "आपुन बोललो तर आपलीच पोरं आपल्याला जड झाली म्हणतील लोक." तीच तर भीती सगळ्यांना होती. आजीला नातवंड जड झालं, हे ऐकायची तयारी कुणाची नव्हती. वच्छलाबाईंनी तिला काय सांगितलं ते मला नंतर भामाबाईकडूनच कळलं. म्हणाल्या होत्या, "जड झालं म्हणलं म्हणून काय आपुन खाली ठिवलंय का? उचललंच हाय की. उचलून बोलायचं."

सोमवारी छावणीवर तालुक्याचे साहेब जनावरं मोजायला येणार होते. गुरांना दावणीला ओळीनं उभं करायचं, कानातला बिल्ला बघायचा, नोंद करायची. साहेब दहाला आले. मोहनराव फेटा बांधून स्वागताला. मोजणी तिसऱ्या ओळीपर्यंत आली, तर आश्रुबांच्या बैलांच्या आणि शेजारच्या म्हशींच्या मधल्या जागेत पोरं बसलेली. एकोणीस पोरं, पाटी-दप्तरासकट, एका ओळीत. चिमी शिवकन्याच्या मांडीवर, हाताला पट्टी. मागे सात म्हातारी माणसं उभी.

आश्रुबा कासावीस होऊन बायकोला म्हणत होते, "आगं, माणसं हासतील. जा घिऊन घरी."

"हासू द्या. तुमी बैलाला धरा."

साहेब थांबले. तरुण माणूस होता. "हे काय आहे?"

वच्छलाबाई पुढं झाल्या. "साहेब, ही बी मोजा."

"मावशी, ही जनावरांची छावणी आहे."

"म्हणून तर आणली. हितं पाण्याचा टँकर रोज येतो, गावात चौथ्या दिशी. हितं चारा तोलून देत्यात. डोक्यावर जाळी टाकल्याली हाय. गुरांचा डाक्टर आठवड्यातून दोन बारी येतो. बैल आजारी पडला तर संस्थेला जाब इच्यारत्यात. ह्या पोरांचे आईबाप कारखान्याला साखर करायला गेलेत. ह्यांचा जाब कुणाला इच्यारायचा? मला इच्यारत्यात. माझं वय चौसष्ट हाय."

मोहनराव मध्ये पडले. "साहेब, जरा गैरसमज झालाय. पोरं आजी-आजोबांकडं हायेत. हमीपत्रं हायेत तशी."

साहेबांनी विचारलं, "वसतिगृह नाही का इथं?"

मोहनराव माझ्याकडं बघत होते. नजरेत काय होतं ते मला चांगलं समजत होतं. त्यांच्या एका शब्दावर माझी बदली कुठंही होऊ शकत होती. मी पुढं गेलो आणि सांगितलं की हमीपत्रं मीच घेतली, कुणालाही कागद पूर्ण वाचून दाखवला नाही, आणि वसतिगृहाच्या खोल्यांत सरकी पेंडीची पोती आहेत. त्यात शौर्य काही नव्हतं. ते चार महिने उशिरा होतं.

साहेबांनी शिवकन्याला विचारलं, "कितवीत आहेस?"

"सातवीत. पण मी जात न्हाई."

"का?"

तिनं चिमीकडं बघितलं. "ही हाय म्हणून," ती म्हणाली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मोजणी पुढं चालू केली. पोरं मोजणीत धरली नाहीत, अर्थातच. पण परत जाताना ते शाळेत आले, खोल्या उघडायला लावल्या आणि पोत्यांसमोर बराच वेळ उभे राहिले.

दहाव्या दिवशी एक खोली मोकळी झाली. दुसरी झालीच नाही. वसतिगृह सुरू झालं तेव्हा पट्टा पडायला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपायला, जेमतेम महिना उरला होता. त्यातही समितीनं एक युक्ती काढली. स्वयंपाकाला बाई कशाला शोधायची, आज्यांनीच पाळीपाळीनं करावा, आपलीच तर पोरं आहेत. मोहनरावांनी हे सांगितलं तेव्हा वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. "गेल्या साली बाईला पगार व्हता का?"

"होता."

"मंग ह्या साली कुठं गेला? भामाबाईला लावा. ती रांधती, तिला गरज हाय. फुकट कुणी रांधनार न्हाई." भामाबाईला लावावं लागलं. गावात काही दिवस कुजबुज झाली की वच्छलाबाईला नातवंडांचा कंटाळा आला. ज्यांच्या घरात पाण्याची टाकी होती तेच हे जास्त बोलत होते.

शिवकन्या परीक्षेला बसली. हजेरी कमी होती, ती मी कशी भरून काढली ते विचारू नका.

एप्रिलच्या मध्याला राधाकिशन आणि कुशावर्ता परतले. चिमी आईकडं गेली नाही, आजीच्या पदरात लपली. कुशावर्ता तिचा भाजलेला हात हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. मी भेटायला गेलो होतो. राधाकिशन माझ्याशी बोलला, पण आईशी नजर मिळवत नव्हता. चहा झाल्यावर त्यानं विषय काढला.

"माय, तुझ्यानं आता व्हत न्हाई हे खरं हाय. साऱ्या तालुक्यात तूच सांगितलंस. मी इचार केला, शिवकन्याचं उरकून टाकू. माझ्या ऊसतोडीच्या टोळीतलंच घर हाय, पोरगं चांगलं हाय. तुझ्यावरची एक जोखीम कमी व्हईल."

शिवकन्या आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

वच्छलाबाईंना इतकं संतापलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "मी काम जड हाय म्हणलं, राधाकिशन. पोर जड हाय म्हणलं न्हाई. मी पाणी मागितलं, भाकरी मागितली, खोली मागितली. तेराव्या वर्षी पोर उजवून द्या असं कवा म्हणलं? माझं बोलणं तू तिच्या गळ्याला बांधतोस व्हय?"

"लोकं बी तसंच करत्यात. मागं पोरगी ठिवायची आन जीव टांगणीला."

"मंग तुझा जीव टांगणीला ऱ्हाऊ दे. माझा हायच."

राधाकिशन काहीतरी बोलणार होता. पण बोलली कुशावर्ता. एरवी ती नवऱ्यापुढं बोलायची नाही. चिमीचा हात न सोडता ती म्हणाली, "माझं चौदाव्या वर्षी उरकलं. पंधराव्या वर्षी मी फडात व्हते, पोटुशी. तिला मी तिथं धाडनार न्हाई. आत्याबाई म्हणतील तसंच."

राधाकिशन उठून बाहेर गेला. दोन दिवस घरी जेवला नाही. पण सुपारी फुटली नाही.

पुढच्या साली पहिला ट्रक निघायच्या आधीच दोन्ही खोल्या मोकळ्या झाल्या होत्या, कारण वच्छलाबाई आणि भामाबाई भाद्रपदापासूनच दर आठवड्याला समितीच्या दारात जाऊन बसत होत्या. मोहनराव त्यांना लांबूनच बघून गाडी दुसऱ्या रस्त्यानं काढायला लागले. माझी बदली झाली, तलवाड्याकडं. ती त्यांनीच केली की नेहमीची होती, ते मी शोधत बसलो नाही.

आश्रुबा करोनाच्या साली गेले. शिवकन्या बारावी झाली आणि बीडला नर्सिंगला आहे. राधाकिशन आणि कुशावर्ता अजूनही ऊसतोडीला जातात.

गेल्या महिन्यात बीडच्या एसटी स्टँडवर मला वच्छलाबाई भेटल्या. आता सत्तरी गाठली आहे, गुडघे गेले आहेत. शिवकन्या सोबत होती, तिनं आजीचा दंड धरला होता. मी चहा घ्यायला म्हटलं, तर म्हणाल्या, "मागून. शिक्षणाची कचेरी बंद व्हईल."

"आता तरी आराम करा, वच्छलाबाई."

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी अजून तोच कागद घेऊन दारात उभा आहे. "आराम कोन देतंय, गुर्जी? ऐतवार आला की धनराज-चिमीसंगं आणखी तीन घरची पोरं माझ्याच वट्ट्यावर आसत्यात. वसतिगृह ऐतवारी बंद ठिवत्यात. मी इच्यारलं, कावून? तर म्हणले, सुट्टी आसती. ऐतवारी पोरं जेवत न्हाईत का?"

शिवकन्यानं पिशवीतून अर्ज काढून मला दाखवला. तिनंच लिहिला होता, खाली अकरा अंगठे होते. मी वाचून परत दिला. एकही ओळ इकडची तिकडं करावी असं नव्हतं. मग त्या दोघी रिक्षावाल्याशी घासाघीस करून कचेरीकडं गेल्या.